ओव्हर, फोनवरची ऑर्डर आणि रेफरची चिठ्ठी: वॉर्डातल्या शब्दांचा गोंधळ कसा आवरायचा

कोल्हापुरात राजारामपुरी किंवा शाहूपुरीतलं तीस-चाळीस खाटांचं कुठलंही हॉस्पिटल डोळ्यांसमोर आणा. सर्जन सकाळी इथे, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे. आरएमओ (हॉस्पिटलात मुक्कामी असणारा डॉक्टर) बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा. रात्रपाळीची सिस्टर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन नुकतीच लागलेली. मामा (वॉर्डबॉय) कागलहून येऊन-जाऊन करणारे, पेशंट चंदगडचा. ही सगळी माणसं एकाच केस पेपरवर काम करतात आणि त्या पेपरवर लिहिलेलं असतं ‘पीआयडी’. ऑर्थोच्या सरांना त्यात मणक्याची सरकलेली गादी दिसते, गायनॅकच्या मॅडमना ओटीपोटातलं इन्फेक्शन. आपापल्या जागी दोघंही बरोबर. पंचाईत होते ती मधल्या माणसाची.

शॉर्टफॉर्म मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दोन भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलत असतील तर त्यांनी लांबलचक वाक्यं बोलू नयेत, तेच बरं. काम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातं, एका पाळीतून दुसऱ्या पाळीत जातं (पाळी बदलताना पेशंट सोपवण्याला वॉर्डात ‘ओव्हर’ म्हणतात), तिथे घोटाळा होतो. खालच्या पायऱ्या त्या सांध्यांपुरत्याच आहेत आणि त्या याच क्रमाने करायच्या आहेत. बहुतेक ठिकाणी थेट तिसऱ्या पायरीचा छापील तक्ता भिंतीवर लागतो, एक ट्रेनिंग होतं, फोटो निघतो आणि विषय तिथेच थांबतो.

१. तयारी: आधी शब्द गोळा करा

नर्सिंग काउंटरवर आठवडाभर एक साधी वही ठेवा. ज्या शब्दाचा अर्थ कोणाला तरी विचारावा लागला, तो शब्द तिथे लिहायचा. शेजारी दोनच गोष्टी: कोणत्या खात्यातून आला आणि कोणत्या खात्यात अडला. माणसाचं नाव लिहायचं नाही. नावं आली की दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहते.

वहीत काय सापडतं, याचा एक नमुना. एकाच वॉर्डात साखरेला तीन नावं असतात: आरबीएस (रँडम ब्लड शुगर), बीएसएल (ब्लड शुगर लेव्हल) आणि एचजीटी (ग्लुकोमीटरची तपासणी). जुन्या सिस्टरना कळतं की एक डॉक्टर बोटातून ग्लुकोमीटरवर बघायला सांगतायत आणि दुसरे शिरेतलं रक्त लॅबला पाठवायला. नवीन मुलगी दोन्हीला सुई घेऊन धावते, नाहीतर दोन्हीला स्ट्रिपवरच भागवते. असाच दुसरा शब्द ‘डिस्चार्ज झाला’. राउंडला डॉक्टर म्हणाले तेव्हा झाला, फाईल बिलिंगला गेली तेव्हा झाला की खाट रिकामी झाली तेव्हा? कॅज्युअल्टीतून (तातडीच्या विभागातून) खाट मागणारा आणि खाट देणारा यांच्या डोक्यात वेगवेगळी वेळ असते आणि भांडण लिफ्टपाशी होतं.

वही भरली की बैठक घ्या. डॉक्टर आणि इनचार्ज सिस्टर एवढ्यांवर भागवू नका. मेडिकलवाला, लॅब टेक्निशियन, रिसेप्शन, महात्मा फुले योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र, एक मामा आणि एक मावशी (आया), सगळे हवेत. मामा-मावशींना मागे उभं करू नका, खुर्ची द्या.

गोळा झालेल्या शब्दांचे तीन गठ्ठे करा. सगळ्यांना एकाच अर्थाने कळणारे शब्द राहू द्या. दोन अर्थ असलेले पूर्ण लिहायचे. चुकले तर पेशंटच्या जिवावर बेतेल असे शब्द बंद.

तपासणी: सर्वांत नवीन सिस्टरला पाच जुने केस पेपर द्या आणि मोठ्याने, पूर्ण शब्दांत वाचायला सांगा. ती जिथे अडखळेल तो शब्द यादीत आहे का, बघा. नसेल तर वही आणखी काही दिवस उघडी ठेवा.

२. बंदीची यादी: छोटी आणि कडक

यादी एका पानात, मोठ्या अक्षरांत मावली पाहिजे. साठ शब्दांची यादी कोणी पाळत नाही. माझ्या मते हे तरी हवेतच:

युनिटसाठी लिहिलेलं एकटं ‘यू’ किंवा ‘आययू’. घाईत लिहिलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. ‘आययू’ हे ‘आयव्ही’, म्हणजे शिरेतून, असं वाचलं जातं. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. इन्सुलिनच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे ४० युनिट प्रति एमएलची व्हायल आणि १०० युनिट प्रति एमएलचं पेन किंवा कार्ट्रिज, दोन्ही चालतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. व्हायल एक आणि सिरिंज दुसरी घेतली तर आकडा बरोबर असूनही डोस अडीच पट चुकतो. इन्सुलिनबद्दल सीसीत (एमएलमध्ये) बोलणं तर पूर्ण बंद करा.

शून्य. ‘५.०’ मधला टिंब पुसट झाला की ५० होतात, म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य नको. अर्धा लिहिताना मात्र ‘०.५’ असंच लिहा, आधीचं शून्य गाळू नका.

मायक्रोग्रॅमचं ग्रीक चिन्ह. हस्ताक्षरात ते ‘एम’ वाटतं आणि डोस हजार पट होतो. शब्द पूर्ण लिहा.

‘एमएस’ आणि मॅग्नेशियम सल्फेटचं रासायनिक सूत्र. दोन्हींतून कोणी मॉर्फीन वाचतं, कोणी मॅग्नेशियम, आणि लेबर रूममध्ये झटके येणाऱ्या बाईसाठी औषध मागवताना हा खेळ परवडत नाही. हृदयाच्या डॉक्टरांचा ‘एमएस’ आणखी तिसराच, तो हृदयाची झडप अरुंद होण्याचा.

‘ओडी’. बहुतेकांसाठी दिवसातून एकदा, डोळ्यांच्या विभागात उजवा डोळा आणि कॅज्युअल्टीत ओव्हरडोस.

‘केसीएल एक अँप्यूल’. केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या नेहमीच्या १० एमएल अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात आणि ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. ऑर्डर मिलिइक्विव्हॅलंटमध्ये हवी. कोणत्या सलाईनमधून आणि किती तासांत, तेही लिहिलेलं हवं. यातलं एक जरी नसेल तर सिस्टरने अँप्यूल फोडायची नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायची औषधं. मेथोट्रेक्सेटची गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. तिथे ‘वीकली’ नको, वार लिहा: ‘दर सोमवारी’.

बाकी आरटीए (रस्त्यावरचा अपघात की किडनीचा आजार), सीबीडी, पीटी (रक्त गोठण्याची तपासणी की फिजिओथेरपी), आरटी (नाकातली नळी की रेडिएशन) यांच्यासारख्या दुहेरी अर्थाच्या शब्दांसाठी नियम एकच. हॉस्पिटलपुरता एक अर्थ ठरवा, नाही ठरला तर पूर्ण लिहा. सीबीडी म्हणजे सर्जनसाठी पित्तनलिका आणि वॉर्डासाठी लघवीची पिशवी, हा वाद मी बैठकीत रंगलेला पाहिलाय. कोणी माघार घेईना, शेवटी दोघांनाही पूर्ण लिहायला लावलं.

औषधाचं नाव जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच केला आहे. डोपामिन आणि डोब्युटामिनसारख्या, नावं जवळजवळ सारखी असलेल्या जोड्यांमध्ये तो प्रत्यक्ष जीव वाचवतो.

इशारा: यादी भिंतीवर लावली पण छापील ट्रीटमेंट शीट, रबरी शिक्के आणि संगणकातले तयार पर्याय जुनेच राहिले, तर जुने शब्द तिथूनच परत येतात. आधी स्टेशनरी बदला, मग यादी लावा.

३. बोलण्याचा क्रम बसवा

रात्री पावणेतीनला सहसा असा फोन जातो:

“सर, सॉरी हां. ते बारा नंबरचे पाटील, बीपी जरा लो वाटतंय. बाकी स्टेबल आहेत. काय करू?”

बारा नंबरला काल दुपारपर्यंत दुसरंच कोणी होतं. कोल्हापुरातल्या वॉर्डात पाटील तर एका वेळी तिघेचौघे असतात. सर झोपेत म्हणतात, “एक एनएस (साधं सलाईन) सोड, सकाळी बघतो.” यात कोणीही आळशी नाही. सिस्टरने जे सांगितलं, त्याला साजेसं उत्तर मिळालं.

क्रम चार प्रश्नांचा आहे. आत्ता काय झालंय? आधीचं काय आहे? मला काय वाटतं? मला तुमच्याकडून काय हवंय? इंग्रजीत याला एसबीएआर म्हणतात; नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, प्रश्न लक्षात राहू द्या. तोच फोन असा झाला पाहिजे:

“सर, सर्जिकल वॉर्डातून नाईट सिस्टर बोलतेय. काल दुपारी तुम्ही ज्यांचं आतड्याचं ऑपरेशन केलं ते ६२ वर्षांचे पेशंट...” इथे पूर्ण नाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर. “आत्ता बीपी ९० बाय ६०, पल्स १२४. बारा वाजता बीपी १२० बाय ८० होतं, पल्स ९६. चार तासांत युरिन फक्त ४० एमएल. ड्रेनच्या नळीतून गेल्या दोन तासांत ३०० एमएल, लालभडक. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन ११ होतं, बीपीची गोळी चालू आहे. मला आत ब्लीडिंग होतंय असं वाटतंय. तुम्ही येऊन बघावं. तोवर दुसरी लाईन घेऊ का, आणि रक्त जुळवायला, क्रॉसमॅचला, सँपल पाठवू का?”

मिनिटभराचं बोलणं. पण फोन लावायच्या आधी केस पेपर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट आणि इनटेक-आउटपुटचा कागद हातात हवा, नाहीतर “थांबा सर, बघून सांगते” मध्येच पहिली दोन मिनिटं जातात.

तिसऱ्या प्रश्नाला सिस्टर बिचकतात. “डायग्नोसिस सांगणारी मी कोण?” डायग्नोसिस सांगायची गरज नाही. “मला काळजी वाटतेय, चार तासांपूर्वी असे नव्हते” एवढंही पुरतं. डॉक्टरांनी अशा वाक्यावर एकदा जरी खेकसलं, तरी ती सिस्टर पुढे वर्षभर फक्त आकडे सांगेल, मत सांगणार नाही.

‘स्टेबल’ हा शब्द एकट्याने वापरायला बंदी घाला, असं मी आग्रहाने सांगेन. आयसीयूत व्हेंटिलेटरवर, बीपी टिकवणाऱ्या नॉरॲड्रेनालिनच्या आधारावर असलेल्या पेशंटची तब्येत तासभर हलली नाही की त्यालाही स्टेबल म्हणतात. वॉर्डातल्या सिस्टरला वाटतं धोका टळला. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला वाटतं बाबा उद्या घरी. आकडा सांगा, नाहीतर कशाच्या आधारावर स्टेबल ते सांगा.

४. फोनवरची ऑर्डर: लिहा, वाचून दाखवा, हो म्हणवून घ्या

क्रम उलटा करू नका. ऐकलं, औषध दिलं आणि मग लिहिलं, हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. आधी कागदावर, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, मग डॉक्टरांचं “बरोबर”, त्यानंतर औषधाचं कपाट.

आकडे फोडून बोला. फोनवर ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात, ‘साठ’ आणि ‘आठ’ही जवळच. “साठ, सहा-शून्य मिलिग्रॅम” असं म्हणायचं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे तर समोरासमोरही घोटाळा करतात. औषधाचं नाव सारखं वाटत असेल तर अक्षरं सुटी करून आणि कशासाठी देतोय ते विचारून घ्या. कारण कळलं की चुकीचं नाव आपोआप खटकतं.

व्हॉट्सॲपवर मॉनिटरचा फोटो पाठवला आणि वर अंगठा आला, ही ऑर्डर नव्हे. अंगठा म्हणजे बघितलं, की द्या, की ठीक आहे? फोटो पाठवा, पण ऑर्डर बोलून घ्या, केस पेपरवर वेळ टाकून लिहा आणि हॉस्पिटलने ठरवलेल्या मुदतीत, साधारण चोवीस तासांत, डॉक्टरांची सही घ्या. केमोथेरपीसारखी औषधं फोनवर घ्यायचीच नाहीत.

इशारा: “वाचून दाखवू का?” असं विचारू नका. घाईतला माणूस “नको, कळलंय ना?” म्हणतो. थेट वाचायला सुरुवात करा.

५. पाळी बदलताना ओव्हर कुठे आणि कसा द्यायचा

काउंटरवर उभ्याने वही वाचून दिलेला ओव्हर लवकर संपतो आणि लवकर विसरला जातो. आधी कागद, मग खाट. प्रत्येक खाटेपाशी हात लावून दाखवायच्या गोष्टी ठरवा: सलाईनची लाईन आणि ती घातल्याची तारीख, सलाईनमध्ये काय मिसळलंय, पंपावरचा वेग, ड्रेनमधलं माप, जखमेचं ड्रेसिंग, पाठीवर दाबाने आलेला लालसरपणा. बोललेलं आणि दिसणारं जुळत नसेल तर तिथेच थांबा. घ्यायला आलेल्या सिस्टरने शेवटी फक्त पुढच्या चार तासांत काय करायचं ते आपल्या तोंडाने सांगायचं. सगळा इतिहास परत नको.

खाटेपाशी सगळंच बोलायचं नसतं. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, विष घेतल्याची शंका हे काउंटरवर, हळू आवाजात. कित्येक वॉर्डांत एचआयव्हीसाठी ‘रेट्रो’ म्हणायची किंवा खाटेला खुणेचं लेबल लावायची सवय आहे. झाकल्यासारखं वाटतं, पण तो शब्द शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकालाही ठाऊक झालेला असतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. काळजी सगळ्याच पेशंटच्या रक्ताची घ्यायची असते, त्यासाठी लेबल लागत नाही.

६. मामा-मावशींपर्यंत पोचतंय का, आणि परत विचारता येतंय का

खाटेला ‘एनबीएम’ची (तोंडाने काहीच द्यायचं नाही) पाटी असते. मामा ती रोज बघतात, कोणीतरी ऑपरेशनचा आहे एवढं कळतं. सकाळी सातला नातेवाईक चहा-खारी घेऊन येतात, पेशंट म्हणतो, “घोटभर चहानं काय हुतंय?” मामा बाजूला होतात, कारण त्यांच्या हिशेबी जेवण बंद आहे, चहा नाही. आठची केस दुपारवर जाते. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा अन्नातच मोजतात आणि त्याला सहा तास लागतात; नेमकी वेळ भूलतज्ज्ञ ठरवतील ती. पाटीवरची ती तीन इंग्रजी अक्षरं काढून टाका आणि लिहा: “चहा, दूध, खाणं बंद: रात्री १२ पासून. पाणी बंद: सकाळी ६ पासून.” वाचता न येणाऱ्यासाठी कपावर फुली मारलेलं चित्र.

“समजलं का?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, “हो.” त्याऐवजी “मामा, आता कुठे नेणार आणि सोबत काय घेणार, सांगा बघू” असं विचारा. ऑक्सिजनचा सिलिंडर राहिला असेल तर तिथेच कळतं.

वरच्या माणसाला थांबवायची वाक्यंही आधी ठरवून द्या, ऐन वेळी सुचत नाहीत. पहिलं, “मॅडम, मला काळजी वाटतेय.” ऐकलं नाही तर, “मॅडम, हे मला बरोबर वाटत नाही.” तरीही पुढे चाललं तर, “मॅडम, पेशंटसाठी जरा थांबूया.” तिसरं वाक्य कोणीही उच्चारलं की हातातलं काम थांबतं, असं मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कबूल केलं तरच याचा उपयोग.

७. दुसऱ्या दवाखान्यात पाठवताना

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून साप चावलेला पेशंट १०८ ने सीपीआरला (कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) येतो आणि चिठ्ठीवर असतं: “एएसव्ही दिलं, हायर सेंटरला रेफर.” एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, पण या ओळीवर पुढचा डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही. किती व्हायल? किती वाजता सुरू? रिअॅक्शन आली का? वीस मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी कधी केली, रक्त गोठलं की नाही? निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिन दिलं असेल तर डोस आणि वेळ. पापण्या कधीपासून पडतायत, शेवटची लघवी कधी झाली. साप नाग होता की घोणस, हे नातेवाइकाचं म्हणणं असेल तर ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार’ असंच लिहा.

चिठ्ठी पेशंटसोबत जाईल, पण फोन तिच्याआधी गेला पाहिजे. गाडीतल्या डॉक्टरला आणि पुढच्या कॅज्युअल्टीला एकच मजकूर सांगा.

८. नातेवाइकांशी आणि पेशंटशी

इथे टीमला दोन्ही बाजूंनी काम आहे. पेशंटचं बोलणं आपल्या भाषेत आणताना गाळू नका. “गरगराय लागलंय” आणि “डोळ्यांपुढं अंधारी याय लागलीया” या दोन्हीला केस पेपरवर ‘गिडीनेस’ (चक्कर) लिहिलं जातं. पहिल्यात खोली फिरते, कानाचा किंवा मेंदूचा विचार करावा लागतो. दुसऱ्यात रक्तदाब, हृदयाचे ठोके, रक्तस्राव बघावा लागतो. पेशंटचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं लिहा, आपला शब्द त्याच्या खाली.

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या कन्नड बोलणाऱ्या पेशंटसाठी स्टाफमध्ये कोणाला कन्नड येतं, त्यांची नावं काउंटरवर ठेवा. पेशंटच्या शाळकरी मुलाला दुभाष्या करू नका.

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय” ऐकून चेहरा उजळलेले नातेवाईक मी पाहिलेत. ‘टीबी आहे’ किंवा ‘टीबी नाही’, असं बोला. डिस्चार्ज कार्डवर बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडल्यास) नको. सकाळ, दुपार, रात्र असे रकाने. ‘गरज पडल्यास’ असेल तर कसली गरज आणि दिवसात जास्तीत जास्त किती गोळ्या. शेवटी पेशंटकडूनच वदवून घ्या: आज रात्री कोणती गोळी घेणार, आणि काय झालं तर लगेच परत येणार?

९. महिन्यानंतर काय बघायचं

दहा केस पेपर कुठलेही उचला आणि बंदीचे शब्द मोजा. फोनवरच्या दहा ऑर्डर काढून वाचून दाखवल्याची नोंद आणि सही आहे का, बघा. एका पाळीचा ओव्हर शेजारी उभं राहून ऐका, मध्ये बोलू नका. आकडा काउंटरवर लावा, खात्यानुसार लावा, नावानुसार नको. नवीन कन्सल्टंट रुजू झाले की पार्किंग आणि ओटीच्या वेळा सांगतानाच ते एक पान त्यांच्या हातात द्या, इनचार्ज सिस्टरने द्या, आणि त्यांच्या आधीच्या हॉस्पिटलात कोणता शॉर्टफॉर्म कशासाठी चालायचा, तेही तेव्हाच विचारून घ्या.